वाकेन, पण मोडणार नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरताना आपण कुठे आलो ते डोळ्यांआधी कानांना कळतं. खटाक्, खटाक्, खटाक्. टॉवेल आणि चादरींच्या या वसाहतीत आता बिनधोट्याचे नवे माग आले आहेत. पण धोट्याचा जुना माग चालू असला, की त्याचा आवाज भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. आत विणकाम चाललेलं असतं हे खरंच, पण जरा तिरप्या नजरेने पाहिलं तर तिथे नेमबाजीही चाललेली असते. एक लाकडी दांडा झटका देतो. दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडी धोटा ताण्याच्या धाग्यांमधून सुसाट पलीकडे जातो, तिथल्या पेटीत थांबतो आणि दुसऱ्या दांड्याचा झटका खाऊन परत येतो. असं मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. क्वचित नेम चुकतो, धोटा उडतो आणि जवळच्या माणसाला लागतो. मागाला आडोसा लावतात तो त्यासाठीच.

आता मनातल्या मनात या शेडमधली मोटर काढा, पट्टे काढा, विजेची तार तोडा. मग एक काठी, थोडी दोरी आणि टोकदार वस्तू लांब फेकण्याची इच्छा एवढंच उरतं. इतक्याच भांडवलावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी धनुष्य केलं. या प्रकरणात आपण त्यातलं सर्वांत साधं धनुष्य घेऊ. ते एकाच लाकडाचं किंवा बांबूचं आहे, हाताने तासलेलं आहे आणि माणसाच्या उंचीपेक्षा चांगलंच आखूड आहे. त्याला शिंगाची पट्टी नाही, फायबर नाही, कप्प्या नाहीत.

कापूस आणि हे धनुष्य यांची ओळख जुनी आहे. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला. त्याच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांचं वर्णन हिरोडोटसने मोजक्या शब्दांत केलं आहे. त्यांच्या अंगावर कापसाचे कपडे होते, हातात बोरूची धनुष्यं होती आणि बोरूच्याच बाणांना लोखंडाची टोकं होती. बोरू म्हणजे इथे बांबू, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शंभरातला एक भाग

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा मराठी बाणा. धनुष्याला तो परवडत नाही. वाकणं हेच त्याचं काम आहे. मात्र वाकल्यावर पुन्हा सरळ होता आलं पाहिजे, आणि सगळी अडचण या ‘पुन्हा’मध्ये आहे.

काठी वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात आणि आतल्या अंगाचे दाबले जातात. मधला एक थर या दोन्हींतून सुटलेला असतो. टेरी टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. तिथेही एकाच कापडात दोन ताणे असतात, एक ताठ आणि एक सैल, आणि त्या सैल ताण्यातूनच टॉवेलचे वळसे उठतात. लाकडातला फरक एवढाच, की त्याच्या एकाच काठीत ताण आणि दाब एकमेकांपासून बोटभर अंतरावर नांदतात.

किती ताण पडतो ते काढणं सोपं आहे. काठीची निम्मी जाडी घ्यायची आणि ती ज्या वर्तुळात वाकली त्याच्या त्रिज्येने भागायची. समजा काठी १.२ सेंटिमीटर जाड आहे आणि ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीत वाकली आहे. तर बाहेरचा थर १ टक्का लांबतो आणि आतला तेवढाच आखडतो. धनुष्याला योग्य असं चांगलं लाकूड सोसतं ते साधारण एवढंच, शंभरातला एक भाग. तीच काठी ८५ सेंटिमीटर त्रिज्येत वाकली असती, तर हा आकडा ०.७ टक्क्यावर आला असता आणि लाकूड निवांत राहिलं असतं.

आखूड धनुष्याचं दुखणं इथे आहे. लांब धनुष्य जेवढं ओढता येतं तेवढंच आखूड धनुष्य ओढायचं म्हटलं, तर त्याला जास्त घट्ट वळावं लागतं. लाकूड ताणापेक्षा दाबापुढे लवकर हार मानतं. म्हणून मोडण्याच्या कितीतरी आधी धनुष्याच्या आतल्या अंगाला बारीक आडव्या सुरकुत्या पडतात. तेही झालं नाही, तर काठीला कायमचं वळण लागतं. दोरी काढली तरी काठी सरळ होत नाही आणि तेवढा जोर हरवून बसते. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ ही म्हण माणसांच्या नात्यांबद्दल सांगितली जाते, पण धनुष्य करणाऱ्याला ती अक्षरशः पाळावी लागते. त्याचा ठोकताळा असा, की धनुष्याची लांबी ओढीच्या, म्हणजे मुठीपासून ओढलेल्या दोरीपर्यंतच्या अंतराच्या, दुपटीहून निदान दहावा हिस्सा जास्त हवी. १२० सेंटिमीटरचं धनुष्य म्हणजे ५० ते ५४ सेंटिमीटर ओढ. त्यापुढे कर्ज सुरू होतं.

मग आखूड धनुष्य जोरकस करायचं कसं? पहिला विचार मनात येतो तो जाड काठी घेण्याचा, आणि तोच चुकीचा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीबरोबर लाकडावरचा ताणही वाढतो. रुंदीचं गणित वेगळं आहे. रुंदी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होतो आणि तंतूंवरचा ताण मात्र होता तेवढाच राहतो. जाडी पाचव्या हिश्श्याने कमी केली तर ताठपणा जवळजवळ निम्मा होतो, आणि तो भरून काढायला रुंदी दुप्पट करावी लागते. म्हणून नीट केलेलं आखूड लाकडी धनुष्य दांड्यासारखं गोल नसतं, पट्टीसारखं चपटं असतं.

डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली एल्म वृक्षाच्या लाकडाची धनुष्यं सापडली. ती सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत, लांबीने दीड मीटरच्या आसपास आणि भुजांनी, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांनी, रुंद, चपटी. पुढे इंग्लंडात जाड, गोलसर पोटाची उंच धनुष्यं गाजली आणि चपट्या आकाराकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मोजमाप करून दाखवलं, की आयताकृती छेदाची चपटी भुजा त्या गोलसर भुजेपेक्षा सरस असते. दलदलीतल्या कारागिराला हे कुठलंही समीकरण न मांडता माहीत होतं. अनेक धनुष्यं मोडूनच कळलं असणार.

आपल्याकडे एल्मचं काम मानवेल करते. या बांबूची कांडी जवळजवळ भरीव असते, आणि कुठल्याही बांबूप्रमाणे तिचे तंतू सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात. झाडांत धामणीचं नाव पूर्वीपासून घेतलं जातं. तिचं लाकूड चिवट आणि लवचिक असल्यामुळे ते अवजारांच्या दांड्यांना आणि कावडीला वापरत आले आहेत. धामणीचं संस्कृत नाव ‘धन्वन’, आणि ‘धन्वन्’ म्हणजे धनुष्य.

पंधरा किलोंचा हिशेब

आता असं १२० सेंटिमीटरचं धनुष्य हातात घेऊ. दोरी चढवली की मूठ आणि दोरी यांत १३ सेंटिमीटर अंतर राहतं, म्हणजे बंद मूठ आणि त्यावर उभा केलेला अंगठा एवढं. ५० सेंटिमीटरपर्यंत ओढलं तर दोरी प्रत्यक्षात ३७ सेंटिमीटर मागे येते. लटकता वजनकाटा दोरीला अडकवून ओढून पाहिलं आणि शेवटी काट्याने १५ किलो दाखवले, असं धरू.

जोर शून्यापासून पंधरापर्यंत हळूहळू वाढत गेला. म्हणून सरासरी साडेसात किलो धरायचे आणि अंतराने गुणायचं. उत्तर सुमारे २७ ज्यूल येतं. लिटरभर पाण्याची बाटली पावणेतीन मीटर उंच उचलायला एवढीच ऊर्जा लागते. याच पंधरा किलोंचं लांब धनुष्य असतं आणि दोरी ५५ सेंटिमीटर मागे आली असती, तर ४० ज्यूल साठले असते. म्हणजे आखूडपणाची किंमत साठ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश.

शेवटच्या टप्प्यात आखूड धनुष्य आणखी एक हट्ट करतं. ओढता ओढता दोरी आणि धनुष्याचं टोक यांतला कोन काटकोनाकडे जाऊ लागतो. मग दोरी भुजेला वाकवण्याऐवजी जणू तिची लांबी ओढायला लागते. आधीचे दहा सेंटिमीटर ज्या मानाने जड गेले, त्याच्या कितीतरी पट जड शेवटचे दोन जातात. हात थरथरतो आणि साठा मात्र फारसा वाढत नाही.

पण जमेची बाजूही आहे. दोरी सोडल्यावर साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. भुजांना आणि दोरीला स्वतःलाही पुढे धावायचं असतं, आणि त्यांचं वजन जितकं जास्त तितका त्यांचा वाटा मोठा. आखूड धनुष्याच्या भुजा हलक्या असतात. टोकं बारीक तासली तर त्या आणखी चपळ होतात, कारण सर्वांत जास्त धावावं लागतं ते टोकांनाच. म्हणून आखूड धनुष्य मुळातच मंद असतं असं नाही. त्याला थोडं मिळतं, पण त्यातलं बरंचसं ते बाणाला देतं.

समजा साठ टक्के ऊर्जा बाणाला मिळाली. २५ ग्रॅमचा बाण मग सेकंदाला ३६ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर, मध्यमगती गोलंदाजाच्या चेंडूएवढा. त्याच वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूत सहा पट ऊर्जा असते, कारण तो सहा पट जड असतो. तरी चेंडूने माणूस बहुधा फक्त कळवळतो आणि बाण आरपार जाऊ शकतो, कारण बाणाचा सगळा जोर टोकाच्या टिचभर जागेत एकवटतो. इथे मागाचीही एक आठवण होते. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने १९५०च्या दशकात धोट्याऐवजी ४० ग्रॅमचा धातूचा लहानसा तुकडा फेकणारा माग बाजारात आणला. त्यात पोलादी दांडी पिळून धरतात आणि एकदम सोडतात. वजन जाडसर बाणाएवढं आणि तत्त्व धनुष्याचंच, फक्त वाकवण्याऐवजी पिळणं.

सूत का चालत नाही

अक्कलकोट रोडवर सूत टनावारी मिळतं. मग धनुष्याची दोरी त्याचीच का करू नये? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीला योग्य अशा वस्तूंची यादी आहे. तिच्यात मूर्वा, रुई, ताग, गवेधू नावाचं गवत, बांबू आणि प्राण्यांचे स्नायू आहेत. कापूस नाही. ज्या देशाचं कापसाचं कापड जगभर जात होतं, तिथल्या यादीत कापूस नसण्याला कारण आहे. सुती दोरी ताणली की लांबते. दोरीचं ताणणं म्हणजे बाणाच्या वाट्याची ऊर्जा दोरीने खाणं. शिवाय पुरेशी मजबूत करायला ती जाड करावी लागते, म्हणजे पुन्हा वजन आलं. सातपुड्यातले भिल्ल आपल्या बांबूच्या धनुष्याला दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची लावत आले आहेत. ती हलकी असते, फारशी ताणत नाही आणि एकाच बेटातून सगळं सामान निघतं.

कापसाचं आणि धनुष्याचं जमतं ते वेगळ्याच ठिकाणी. पिंजाऱ्याची पिंजण आठवा. नदाफ हे आडनाव सोलापूरकडे ओळखीचं आहे, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. पिंजणीला लाकडी दांडा आहे, ताठ ओढलेली आतड्याची तात आहे, फक्त बाण नाही. लाकडी ठोकणीने तात छेडायची आणि तिची थरथर कापसात उतरवायची, की गठ्ठा झालेले तंतू सुटे होतात. धनुर्धराच्या दृष्टीने जी थरथर म्हणजे नासाडी, तीच पिंजाऱ्याची मजुरी.

पुराणकथांतल्या वीरांच्या धनुष्याचा टणत्कार दाही दिशांना ऐकू जातो. ऐकायला भव्य वाटतं, पण हिशेबाच्या वहीत टणत्कार खर्चाच्या बाजूला पडतो. तो बाणाला न मिळालेला जोर आहे. बाण जेवढा हलका तेवढा हा आवाज मोठा, आणि बाणच नसेल तर सगळा जोर भुजांवर उलटतो. म्हणून धनुष्य ओढून रिकामं सोडू नये, हा नवशिक्याला दिला जाणारा पहिला धडा. लाकडी धनुष्य अशा एका रिकाम्या टणत्काराने दुभंगू शकतं.

अंगठ्याचा प्रश्न

आखूड धनुष्य ओढल्यावर दोरीचा कोन टोकदार होतो आणि त्या बेचक्यात बोटं चिमटतात. तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्याची पहिली आणि तिसरी बोटं एकमेकांवर दाबली जातात. सुटताना दोरी बोटांवरून नीट घसरत नाही, बाजूला ढकलली जाते आणि बाण भरकटतो. बाणाला मुळातच मुठीला वळसा घालून जायचं असतं. धक्का बसताच तो मासोळीसारखा लवलवत धनुष्याच्या बाजूने निघतो आणि काही अंतरावर स्थिरावतो. फार ताठ बाण मुठीवर आपटून बाहेर फेकला जातो, फार नरम बाण उलट्या बाजूला वळतो. म्हणजे वाकायचं ते धनुष्यालाच नाही, बाणालाही. त्यातच बोटं अडखळली तर चूक दुप्पट होते.

यावर जुना उपाय अंगठ्याचा. दोरी अंगठ्याने अडवली की ती एकाच जागी धरली जाते आणि कोन कितीही टोकदार असला तरी चिमटा बसत नाही. घोड्यावरून आखूड धनुष्य चालवणाऱ्या मध्य आशियातल्या तिरंदाजांनी ही पद्धत घोटली आणि अंगठ्याचं रक्षण करायला अंगठी वापरली. दूर कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ साली बाहेरच्या जगात आला. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या शल्यवैद्याने धनुर्विद्या शिकून घेतली आणि लिहून ठेवली. ज्युनिपरच्या लाकडाचं, पाठीवर स्नायू चिकटवलेलं इशीचं आखूड धनुष्यही अंगठ्यानेच ओढलं जाई.

एकलव्याची गोष्ट या माहितीनंतर पुन्हा आठवून पाहा. द्रोणांनी हात मागितला नाही, डोळा मागितला नाही. नेमका अंगठा मागितला. भिल्ल तिरंदाज आजही अंगठा न लावता तर्जनी आणि मध्यमेने दोरी ओढतात, आणि ते एकलव्याच्या आठवणीसाठी, असं सांगितलं जातं. आपल्या हिशेबात त्याचा अर्थ असा होतो, की अंगठा गेला तर धनुष्य जरा लांब करावं किंवा ओढ कमी ठेवावी. पण विद्या जात नाही.

उरलेलं अंतर

आपला ताशी १३० किलोमीटरचा बाण लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत किती खाली येतो? सरळ आडवा सोडला तर १० मीटरवर ३८ सेंटिमीटर, २० मीटरवर दीड मीटर आणि ३० मीटरवर जवळजवळ साडेतीन मीटर. अंतर तिप्पट केलं की घसरण नऊ पट होते. म्हणून दहा मीटरवर अंतराचा अंदाज एका पावलाने चुकला तर फारसं बिघडत नाही. तीसवर तेवढ्याच चुकीने नेम जवळजवळ तिप्पट हुकतो.

लाकडाने शंभरातला एक भाग एवढी मर्यादा घातली. तिच्यामुळे ओढ कमी झाली, ओढीमुळे वेग, वेगामुळे पल्ला. ही तूट कुठेतरी भरून निघायलाच हवी, आणि ती माणसाच्या पायांनी भरली. वाऱ्याची दिशा ओळखणं, पाचोळा न वाजवता चालणं, पाणवठ्याजवळ तासन्‌तास न हलता बसणं. शंभर मीटरवरून मारणाऱ्याला यातलं फारसं लागत नाही. दहा पावलांवर जाऊन मारणाऱ्याला सगळंच लागतं. आखूड धनुष्याची उरलेली लांबी ही अशी जंगलाच्या ओळखीत असते. आणि झुडपांतून वाकून सरकताना उंच धनुष्य पानापानाला अडकतं, तेव्हा आखूडपणाचे आभारच मानावे लागतात.

हे धनुष्य महाराष्ट्रात पाहायचं तर अक्कलकोट रोडवरून थेट अक्कलकुव्याला जायला हवं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत, तीरकामठा अजून घराघरातली वस्तू आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला. पण अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं नटूनथटून येतात, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर तो असतोच. खेळातही त्याला जागा आहे. देशातल्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा प्रकार लाकूड-बांबूच्या धनुष्याने खेळला जातो, ३० आणि ५० मीटरवर. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेला राजस्थानचा लिंबाराम लहानपणी अशाच बांबूच्या धनुष्यावर शिकला होता. २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ज्या कंपाउंड धनुष्याने खेळतात, त्याच्या कप्प्या शेवटच्या टप्प्यात हातावरचा भार उतरवून देतात आणि नेम धरून उभं राहायला उसंत देतात. लाकडी धनुष्य उसंत देत नाही. पूर्ण ओढून धरून ठेवलं तर ते क्षणाक्षणाला जोर गमावतं. म्हणून ओढ पुरी होते न होते तोच बाण सुटावा लागतो, आणि नेम त्याच्या आधीच, डोळ्यांत आणि खांद्यात, ठरलेला असावा लागतो.

काम संपल्यावर दोरी एका टोकावरून उतरवायची आणि धनुष्य आडवं ठेवायचं, हा नियम सगळीकडे सारखा आहे. इशी तर आपलं धनुष्य उभंही ठेवू देत नसे, उभं राहिलं की ते थकतं म्हणे. अंधश्रद्धा म्हणून हसण्याआधी मागावर काम करणाऱ्याला विचारावं. माग लांब सुट्टीसाठी बंद ठेवायचा असेल तर ताण्याचा ताण सैल करून ठेवण्याची पद्धत आहे. नाहीतर माग पुन्हा सुरू केल्यावर कापडावर नेमकी त्या जागी आडवी रेघ उमटते. ती रेघ मग कितीही धुतली तरी जात नाही.